प्रथिनाची घडी आणि प्रकाशाची साक्ष

जळगांवच्या शेजारीं असलेल्या असोद्याचें नांव निघालें कीं खानदेशी माणसाला पहिली आठवण होते ती भरिताच्या वांग्यांची. वांग्याच्या भरितानें जेवणाला चव येते यांत शंका नाहीं. परंतु अंगांत बळ येतें तें त्याच्या जोडीला असलेल्या कळण्याच्या भाकरीनें, म्हणजे ज्वारीबरोबर दळलेल्या उडदानें. तुरीची आमटी, मुगाची उसळ, हरभऱ्याचें पिठलें, हे सारे पदार्थ त्याच कामाचे. त्यांतील बळ देणाऱ्या द्रव्यास शास्त्रांत प्रथिन असें नांव आहे. बोलण्यांत आपण त्यास प्रोटीन म्हणतों. तुरीच्या डाळींत वजनाच्या सुमारें एक पंचमांश भाग हें प्रथिनच असतें.

आतां मी आपणांस एक साधा प्रश्न विचारतों. कच्चा वाल आणि शिजलेला वाल यांत फरक कोणता? आपण म्हणाल, एक कठीण आणि दुसरा मऊ. हें खरें, पण तेवढ्यानें भागत नाहीं. कच्चा वाल दगडावर वाटून, अगदीं गंधासारखा मऊ करून खाल्ला तरी तो शिजलेल्या वालासारखा अंगीं लागत नाहीं. रसायनशास्त्रज्ञानें दोहोंतील नत्राचें प्रमाण काढून पाहिलें तर तें जवळजवळ सारखेंच भरेल. द्रव्य तेंच, प्रमाण तेंच. मग बदललें तें काय? उत्तर असें कीं त्या प्रथिनाची घडी बदलली. ही घडी डोळ्यांना दिसत नाहीं, साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रालाहि दिसत नाहीं. परंतु तिच्याबद्दल प्रकाशाची साक्ष काढतां येते. ती साक्ष कशी काढतात आणि तिचा आपल्या घराशीं संबंध काय, हेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथिनाचा रेणु म्हणजे एक लांब सांखळी होय. तिच्या कड्यांस अमिनो आम्लें म्हणतात, आणि त्यांच्या मुख्य जाती वीस आहेत. या वीस जातींच्या कड्या निरनिराळ्या क्रमानें जोडून निसर्गानें केंस, रेशीम, दूध, रक्त, डाळ अशा नाना वस्तूंतील प्रथिनें घडविलीं आहेत. परंतु सांखळीचा क्रम समजला म्हणजे सर्व समजलें असें होत नाहीं. आपला मुलूख कापसाचा आहे, तेव्हां कापसाचाच दाखला घेऊं. एकाच सुताला पीळ देऊन दोर वळतां येतो. तेंच सूत शेजारीं शेजारीं लावून विणलें तर सपाट कापड होतें. आणि मुलाच्या हातीं दिलें तर त्याचा नुसता गुंता होतो. सूत एकच असतें; पण दोरानें विहिरींतून पाणी काढतां येतें आणि कापडानें अंग झांकतां येतें. गुंत्याचा उपयोग फारसा कोणालाच नाहीं.

प्रथिनाच्या सांखळीचेंहि अगदीं असेंच आहे. कांहीं ठिकाणीं ती मळसूत्रासारखी पिळली जाते. या पिळाच्या एका वेढ्यांत सुमारें ३.६ कड्या येतात. कांहीं ठिकाणीं तिचे पदर एकमेकांशेजारीं येऊन चुणीदार पट तयार होतो. या दोन्ही रचनांचे नमुने अमेरिकेंत लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांनीं, पिळाच्या बाबतींत हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह, १९५१ सालीं मांडले. पुढें १९६३ सालीं मद्रास येथें जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनीं दाखवून दिलें कीं, सांखळीच्या सांध्यांना वाटेल तसें वळतां येत नाहीं. थोडेच कोन तिला मोकळे असतात, आणि पीळ व पट हे त्याच मोकळ्या कोनांत बसतात. कड्यांचा क्रम ही प्रथिनाची पहिली रचना, आणि पीळ, पट व गुंता ही त्याची दुय्यम रचना. दुय्यम या शब्दानें ती कमी महत्त्वाची असें मात्र कोणीं समजूं नये.

तिचें महत्त्व आपल्या स्वयंपाकघरांत कसें दिसतें याचा शोध घेणाऱ्यांत एका मराठी विदुषीचें नांव आदरानें घ्यावें लागतें. त्या म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत प्रवेश मागितला. तेथील संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनीं प्रथम नकार दिला. परंतु कमलाबाईंनीं तो निमूटपणें मानला नाहीं. त्यांच्या आग्रहापुढें अखेर रामन यांना वांकावें लागलें, तरी पहिलें वर्ष अटींवरच काढावें लागलें. त्या काळांत कमलाबाईंनीं दुधांतील व डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केलें, आणि तें काम पाहून संस्थेचें दार पुढें इतर मुलींसाठींहि उघडलें. १९३९ सालीं त्यांनीं केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळविली. पुढें मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या लोकांच्या रोजच्या खाण्यांतील पदार्थ वर्षानुवर्षें तपासले.

१९५५ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकांत वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांसंबंधीं एक टिपण प्रसिद्ध केलें. या दोहोंत असें एक द्रव्य आहे कीं जें ट्रिप्सिन या पाचकाला काम करूं देत नाहीं. तें द्रव्य त्यांनीं शुद्ध स्फटिकांच्या रूपांत वेगळें केलें होतें. ट्रिप्सिन हें आपल्या स्वादुपिंडांतून आलेलें, अन्नांतील प्रथिनाचे तुकडे करणारें पाचक. कडधान्यांतील हें अवरोधक द्रव्य स्वतः प्रथिनच असतें. त्याच्या सांखळीचा एक लहानसा वळसा असा नेमका घडलेला असतो कीं तो ट्रिप्सिनाच्या तोंडांत बोळ्यासारखा बसतो. तोंड बंद झालें कीं चावणें बंद. मग अन्नांत प्रथिन कितीहि असो, त्यांतील पुष्कळसा भाग पचल्यावांचून पुढें जातो. याचा प्रत्यय अमेरिकेंत ऑस्बर्न व मेंडेल यांना १९१७ सालींच आला होता: कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढेनात, आणि तेंच सोयाबीन शिजवून घातल्यावर ते वाढूं लागले.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्या कडधान्य रात्रभर भिजवीत, तें पाणी टाकून देत आणि दाणा बोटानें चेपेपर्यंत शिजवीत, त्यांत केवळ रुचीचा विचार नव्हता असें म्हणावें लागेल. पाण्यासह दिलेल्या उष्णतेनें त्या बोळ्याची घडी मोडते. मोडलेला बोळा ट्रिप्सिनाच्या तोंडांत बसत नाहीं. कोरड्या भाजण्यापेक्षां पाण्यांत शिजविणें या कामीं अधिक गुणकारी ठरतें. मात्र वालासारख्या कांहीं कडधान्यांतील अवरोधक मोठे चिवट असतात. त्यांच्या सांखळीचे पदर गंधकाच्या अणूंच्या गांठींनीं एकमेकांस बांधलेले असतात. इतक्या लहान रेणूंत अशा सात गांठी असतात. म्हणून वाल घाईनें अर्धवट शिजवून चालत नाहीं.

येथपर्यंत ठीक. पण घडी मोडली हें ओळखावयाचें कसें? बाजारांत मडकें घेतांना आपली गृहिणी काय करते? ती त्यावर बोटानें टिचकी मारते आणि कान देते. मडकें पक्कें असेल तर खणखणीत वाजतें. बारीकशी चीर असेल तर बद्द वाजतें, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. वस्तूची अंतर्रचना तिच्या कंपनांत उमटते, हें तत्त्व ती न शिकतां जाणते. रेणूच्या बाबतींत शास्त्रज्ञ हेंच करतात. फक्त टिचकी बोटाची नसते, प्रकाशाची असते.

रेणूंतील दोन अणूंना जोडणारा बंध ताठ सळईसारखा नसून स्प्रिंगेसारखा असतो, आणि तो सदोदित आखडत-ताणत असतो. प्रथिनाच्या सांखळींत दर सांध्यापाशीं कर्ब व प्राणवायु यांच्या अणूंमधील असा एक बंध असतो. तो एका सेकंदांत सुमारें पन्नास लक्ष कोटी वेळां आंदोलन पावतो. एवढ्या गतीचीं आंदोलनें आपल्या कानाला कोठून ऐकूं येणार? परंतु इतक्याच आंदोलनांचा एक प्रकाश असतो, आणि तो त्या बंधाशीं सुरांत सूर मिळवूं शकतो. हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत तांबड्या पट्ट्याबाहेर उष्णतामापक ठेवला तेव्हां तेथें पारा चढला, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या अवरक्त किरणांचा पत्ता लागला. चुलीपुढें बसलें असतां तोंडावर जी धग लागते ती पुष्कळशी याच किरणांची.

अवरक्त किरण प्रथिनांतून सोडले तर बंधाशीं ज्यांचा सूर जुळतो ते किरण शोषले जातात, आणि उरलेले पार निघून जातात. कोणते किरण गहाळ झाले हें यंत्रानें मोजलें कीं बंधाचा सूर समजला. हा सूर सांगण्याची शास्त्रज्ञांची रीत अशी कीं, एका सेंटीमीटर लांबींत त्या प्रकाशाच्या किती लाटा मावतात तो आंकडा द्यावयाचा. त्यास आपण तरंगांक म्हणूं. वर सांगितलेल्या कर्ब-प्राणवायु बंधाचा तरंगांक १६०० ते १७०० यांच्या दरम्यान असतो.

खरी गंमत पुढेंच आहे. हा बंध एकटा नसतो. त्याच्या टोंकाचा प्राणवायु सांखळीच्या दुसऱ्या भागांतील उद्‌जनाला हात देतो. पिळामध्यें तो हात त्याच पदरांतील चार कड्या पुढच्या सांध्याला दिलेला असतो, तर पटामध्यें शेजारच्या पदराला. हात कोणाला आणि किती घट्ट धरला आहे, तसेंच आसपासचे बंध कोणत्या दिशेला तोंड करून हलत आहेत, यांवरून मूळ बंधाचा सूर किंचित उतरतो वा चढतो. भजनी मंडळींत एकाच्या आवाजावर शेजाऱ्याचा परिणाम होतो तसाच हा प्रकार. त्यामुळें अवरक्त वर्णपटांत पिळाची खूण १६५० ते १६५८ च्या आसपास उमटते, पटाची ठळक खूण १६२० ते १६४० मध्यें येते, आणि गुंत्याची या दोहोंच्या मध्यें, १६४५ च्या जवळपास. इंग्लंडमध्यें एलियट व ॲम्ब्रोज यांनीं पीळ आणि पट यांचा सुरांतील हा भेद १९५० सालीं दाखविला. पॉलिंग यांचे नमुने प्रसिद्ध झाले ते त्यानंतरच्या वर्षीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या पद्धतींत एक मोठी अडचण होती, ती पाण्याची. प्रथिन जगतें पाण्यांत, आणि पाण्याचा रेणु स्वतःच १६४५ च्या सुमारास अवरक्त किरण अधाशासारखे शोषतो. वाजंत्र्यांच्या गोंगाटांत सनईचा एक सूर ऐकावा तशी शास्त्रज्ञांची स्थिति झाली. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे साध्या पाण्याऐवजीं जड पाणी वापरणें; त्याचा सूर निराळ्या ठिकाणीं असल्यामुळें मधली जागा मोकळी होते. दुसरा म्हणजे द्रवाचा थर केंसाच्या जाडीच्याहि एक लहान अंशाइतका पातळ करणें. पुढें गणकयंत्रें आलीं आणि एकमेकींत मिसळलेल्या खुणा गणितानें सुट्या करतां येऊं लागल्या. १९८६ सालीं बायलर व सूसी यांनीं एकवीस प्रथिनांवर ही रीत वापरून दाखविली, आणि तेव्हांपासून प्रथिनांत पीळ किती व पट किती याचा अदमास काढणें नित्याचें झालें.

आणि तिसरी वाट? ती आपल्याच देशांत सांपडलेली होती. रामन यांनीं कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेंत २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं जो शोध लावला, आणि ज्याकरितां त्यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तो हाच. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला तर विखुरलेल्या प्रकाशांतील बहुतेक सर्व मूळ रंगाचाच असतो. परंतु लक्षावधींत वा कोटींत एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनाला आपल्या शक्तीचा थोडा वांटा देऊन, किंवा त्याच्याकडून घेऊन, बदललेल्या रंगानें बाहेर पडतो. रंग किती बदलला तें मोजलें कीं रेणूचा सूर कळला. या रीतींत पाणी फारसें आड येत नाहीं, हा तिचा मोठा गुण. या मार्गानें प्रथिनाचा पहिला वर्णपट गारफिंकेल व एड्‌सॉल यांनीं १९५८ सालीं घेतला. तें प्रथिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकांत सांपडणारें लायसोझाइम. १९६० सालीं लेसर निघाला, आणि त्याच्या प्रखर एकरंगी प्रकाशामुळें हें काम पुष्कळच सुकर झालें.

नियतीचा योगायोग पाहा. ज्या रामन यांनीं कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या मुलीला दारांत अडविलें, त्यांच्याच नांवाचा प्रकाश आज प्रथिनांची घडी दाखवीत आहे. वालाच्या अवरोधकांतील ज्या गंधकाच्या गांठींचा मघाशीं उल्लेख केला, त्यांचा सूरहि रामन वर्णपटांत ५१० च्या जवळपास स्पष्ट उमटतो. अवरक्त किरणांना ही गांठ जवळजवळ दिसत नाहीं. उलट, पटाची मुख्य खूण रामन वर्णपटांत १६६५ ते १६७५ च्या दरम्यान, म्हणजे पिळाच्या वरच्या अंगाला येते. पटांतील बंध एकमेकांबरोबर अनेक तालांत हलतात. त्यांतील एक ताल अवरक्त किरणांना गवसतो, दुसरा रामन यांच्या प्रकाशाला. म्हणून दोन्ही साक्षी घेणें श्रेयस्कर. दोन साक्षीदार निरनिराळ्या जागीं उभे राहून एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे न्यायाधीशाचा विश्वास वाढतो.

या साक्षीनें शिजविण्याचें रहस्य कसें उघड होतें तें अंड्यावरून पाहूं. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असतां पारदर्शक व पातळ असतो. तापविला कीं पांढरा व घट्ट होतो. अवरक्त वर्णपट पाहिला तर तापविल्यावर १६२० च्या आसपास एक नवी खूण उभी राहते. तिचा अर्थ असा कीं, निरनिराळ्या रेणूंच्या सांखळ्या आपापल्या घड्या सोडून एकमेकींना बिलगल्या आणि त्यांचे नवे पट तयार झाले. डाळींच्या साठ्यांतील प्रथिनें मुळांतच पटांनीं भरलेलीं असतात. तींहि तापविलीं असतां जुनी घडी सोडून एकमेकांत गुंततात.

परंतु श्रोतेहो, जी उष्णता कडधान्याच्या पातेल्यांत उपकारक, तीच दुसऱ्या एका ठिकाणीं घातक ठरते, आणि आजच्या विषयांतील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. ती म्हणजे मधुमेहाच्या रोग्याचें इन्सुलिन. टोरँटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं शोधलेलें हें औषधहि प्रथिनच आहे. त्यांत एकावन्न कड्या असून त्याच्या घडींत पिळाचा भाग मोठा आहे. उष्णता व हालचाल यांमुळें इन्सुलिनचे रेणु आपला पीळ सोडून पदर शेजारीं शेजारीं लावतात आणि त्यांचे बारीक तंतु होतात. १९७२ सालीं रामन वर्णपटानें हें प्रत्यक्ष दिसून आलें: चांगल्या इन्सुलिनची मुख्य खूण १६५८ च्या आसपास होती, तंतु झाल्यावर ती १६७३ च्या आसपास सरकली. केवळ पंधरा तरंगांकांचा फरक! वजन तेंच, कड्या त्याच, क्रम तोच. परंतु त्या तंतूंत रक्तांतील साखर उतरविण्याचा गुण उरत नाहीं. याखेरीज उष्णतेनें इन्सुलिनमध्यें दुसरेहि रासायनिक बदल होतात, आणि तेहि त्याची शक्ति घटवितात.

आपल्या जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. असोद्यासारख्या गांवीं ज्याच्या घरीं शीतकपाट नाहीं, किंवा आहे पण वीज जाते, त्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावयाची असते; बर्फाच्या कप्प्यांत मात्र कधींच नाहीं, कारण गोठल्यानेंहि ती बिघडते. वापरांत असलेली कुपी सामान्यतः पंचवीस-तीस अंशांच्या आंत सुमारें चार आठवडे टिकते. नेमका नियम तिच्या वेष्टणावर छापलेला असतो. पत्र्याच्या छपराखालीं, खिडकींतल्या उन्हांत, अगर उभ्या केलेल्या मोटारींत ती ठेवूं नये. शीतकपाट नसेल तर मातीचें एक लहान मडकें मोठ्या मडक्यांत बसवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी, वर ओलें फडकें घालावें, आणि आंत झांकणाच्या कोरड्या डब्यांत कुपी ठेवावी. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी भरभर उडून जातें आणि मडक्याचें पोट थंड राहतें. पावसाळ्यांत हवा दमट झाली कीं हा उपाय तितका चालत नाहीं.

नेहमीं पाण्यासारखें स्वच्छ दिसणारें इन्सुलिन गढूळ झालें, त्यांत तंतु अथवा कण दिसले, तर तें टोंचून घेऊं नये. कांहीं जातींचीं इन्सुलिनें मुळांतच दुधट असतात. तीं हलकेंच फिरवून एकसारखीं करावयाचीं असतात, जोरानें हिसडावयाचीं नसतात. आणि स्वच्छ दिसतें म्हणून तें चांगलेंच आहे अशीहि खात्री बाळगूं नये. डोळ्यांना दिसूं लागण्यापूर्वींच घडी बिघडूं लागलेली असते, हेंच तर आतांपर्यंतच्या विवेचनाचें सार आहे. रक्तांतील साखर विनाकारण वाढूं लागली तर कुपीविषयीं संशय धरावा आणि डॉक्टरांस विचारावें.

या साक्षीच्या मर्यादाहि सांगणें माझें कर्तव्य आहे. वर्णपट पीळ किती आणि पट किती तें सांगतो. परंतु सांखळीच्या नेमक्या कोणत्या कडीपाशीं पीळ सुरू झाला हें तो एकटा सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं क्ष-किरणांची व अन्य साधनांची जोड लागते. पिळाच्या आणि गुंत्याच्या खुणा इतक्या जवळ असतात कीं उतावळ्या माणसाची फसगत होण्यास वेळ लागत नाहीं. परंतु घडी बदलली कीं नाहीं, आणि ती कोणत्या दिशेनें बदलली, हा प्रश्न असेल तर या साक्षीसारखी स्वस्त व त्वरित साक्ष दुसरी क्वचितच मिळेल. थेंबभर द्रव आणि कांहीं मिनिटांचा अवधि एवढ्यावर तिचें काम भागतें.

असोदा हें बहिणाबाई चौधरी यांचें जन्मगांव. १८८० सालीं त्या तेथें जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण जातें, शेत, विहीर अशा रोजच्या वस्तूंकडे त्यांनीं किती बारकाईनें पाहिलें तें सारा महाराष्ट्र जाणतो. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. विद्यापीठांच्या रसायनशाळांतून अवरक्त वर्णपट घेणारें यंत्र आतां नवलाईचें राहिलेलें नाहीं. असोद्याच्या शाळेंतील एखादी मुलगी उद्यां तेथें जाईल. कमलाबाईंना दारांत जो वाद घालावा लागला तो तिला घालावा लागणार नाहीं. तिनें परदेशांतून आणलेल्या प्रथिनांवरच प्रयोग करावे असें नाहीं. आपल्या शेतांतील उडीद किती वेळ भिजविला म्हणजे पुरे, वाल कितपत शिजला म्हणजे त्याच्या गांठी खरोखर सुटतात, मडक्यांत ठेवलेल्या इन्सुलिनचा पीळ वैशाखांत किती दिवस टिकतो, हे प्रश्न आपल्या घरचे आहेत. त्यांचीं उत्तरें काढण्याचें साधन हाताशीं आलेलें आहे. विचारणारी बुद्धि तेवढी हवी.

तोंवर घरोघरच्या भगिनींना माझें एवढेंच सांगणें आहे: कडधान्य भिजवा, पुरतें शिजवा, आणि घरांत कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्याची कुपी चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा.